पंपात आलं ३० मिली

"मॅडम, माझं दूध आटलंय." लेकाला खांद्यावर घेऊन माझ्याकडे स्तनपानाच्या सल्ल्याला आलेली ती बसायच्या आधीच म्हणाली. घोडबंदर रोडला घर, ऐरोलीला ऑफिस. मूल साडेपाच महिन्यांचं, रजा संपायला पंधरा दिवस. आदल्या रात्री पहिल्यांदा अंगावरचं दूध काढायचा पंप लावला, तर दोन्हीकडचं मिळून ३० मिली. सासूबाईंनी बाटली ट्यूबलाइटसमोर धरली आणि निकाल दिला, "वरचं सुरू कर."

पंप कधी लावला होता? "त्याला पाजून झोपवलं आणि मग." अगं, मग हे उरलेलं होतं! जन्माला २.८ किलोचा तो आता साडेसहाचा झालाय, दिवसाला सात-आठ लंगोट ओले करतो. दूध किती आहे ते बाळाच्या अंगावर बघायचं, बाटलीत नाही. शिवाय पंपाचं फनेल, म्हणजे स्तनावर बसणारा भाग, तिला लहान होत होतं, स्तनाग्रं घासून लाल झालेली. माप बदललं. आधी गरम फडक्याचा शेक, मग हलका मसाज, मग पंप. आणि पंप सकाळी, कारण तेव्हा बहुतेकींना जास्त येतं.

खरी अडचण ऑफिसात होती. दूध काढायला जागा विचारली तर तिला वॉशरूम दाखवलं. कायद्याने मूल १५ महिन्यांचं होईपर्यंत रोज दोन स्तनपान-सुट्ट्या आहेत, नेहमीच्या विश्रांतीखेरीज. २०१७पासून ५० किंवा जास्त कर्मचारी असतील तिथे पाळणाघरही सक्तीचं आहे. हे लेखी मेलमध्ये टाक म्हटलं. चौथ्या दिवशी छोट्या मीटिंग रूमची किल्ली मिळाली.

काढलेलं दूध बाहेर चार तास टिकतं, आपल्या मे महिन्यात तेवढाही भरवसा नको, म्हणून बर्फाची पिशवी. फ्रिजमध्ये चार दिवस, तेही आत मागे, दारात नाही. द्यायच्या वेळी गरम पाण्याच्या वाटीत ठेवायचं, गॅसवर नाही. एक मात्र सांगायचं राहिलं, आणि चूक माझीच: ठेवलेल्या दुधावर साय येते, ती हलक्या हाताने फिरवून मिसळायची असते. सासूबाईंना वाटलं नासलं. दिवसभराचं दूध मोरीत! ती फोनवर रडली.

दोन महिन्यांनी आली ती वेगळाच प्रश्न घेऊन. फ्रीझर भरत चाललेला, आणि सोसायटीच्या ग्रुपवर कुणीतरी जुळ्यांसाठी दूध मागितलेलं. गावाहून आई म्हणाली, "दुसऱ्याच्या लेकराला दिलंस तर आपल्याचं तुटतं." तुटत नाही. स्तन जितके रिकामे होतात तितकं दूध तयार होतं. आपलं पोर आधी, उरलं तर दान. पण थेट शेजारी बाटली नेऊन द्यायची नाही, रक्तातून येणारे काही आजार दुधातूनही जाऊ शकतात. त्यासाठी मिल्क बँक. सायनच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ साली सुरू केलेली बँक आशियातली पहिली. दात्या आईची एचआयव्ही, हिपॅटायटिस बी, सिफिलिस अशी तपासणी होते, दूध ६२.५ अंशांवर ३० मिनिटं तापवतात, मग ते मुख्यतः अपुऱ्या दिवसांच्या, कमी वजनाच्या बाळांना जातं. पैसे ना घ्यायचे ना द्यायचे. घरी गोठवलेलं चालतं का, हे आधी फोन करून विचार, एवढं तिला बजावलं.

रक्ताचे रिपोर्ट अजून यायचेत. तोवर पिशव्यांवर मार्करने तारीख घालायचं काम सासूबाईंकडे आहे: जुनी पुढे, नवी मागे. फ्रीझरला हात लावायचा तर आता सुनेलाही त्यांना विचारावं लागतं.