हर्षस्प्रंग आजार आईच्या खाण्यापिण्यामुळे होतो का? यावर काही संशोधन झालंय का?

ताई, तुमच्या 20 दिवसांच्या बाळाला डॉक्टरांनी हर्षस्प्रंगचा, म्हणजे आतड्याच्या एका जन्मजात आजाराचा, संशय सांगितलाय आणि घरात ‘गरोदरपणी पपई खाल्ली म्हणून झालं’ असं चाललंय, असं तुम्ही लिहिलंय. नाही हो. पपईनं नाही, ग्रहणानं नाही. तुमच्या हातून काहीही चुकलेलं नाही.

माझ्या लेकाला हाच आजार होता. आम्ही जिंतूर तालुक्यातले. जन्मल्यावर दोन दिवस त्याला काळी शी झालीच नाही. तिसऱ्या दिवशी नर्सबाईंनी तपासायला बोट लावलं तर एकदम जोरात झाली आणि सगळे निर्धास्त झाले. पुढे घुटी झाली, एरंडेल झालं, पोटाला बिब्बाही लावला. करदोडा सकाळी सैल असायचा, दिवेलागणीला कातडीत रुतलेला. एका दवाखान्यात गॅसचे थेंब दिले. दोन महिने असेच गेले. शेवटी छत्रपती संभाजीनगरच्या घाटी या सरकारी दवाखान्यात नेलं, तर तिथल्या लहान मुलांच्या सर्जनने आधी हेच विचारलं, ‘पहिली शी किती तासांनी झाली?’ बहुतेक बाळांना ती 24 तासांत होते. 48 तास उलटले तर तपासायलाच हवं. तोवर आम्हाला हे कुणीच विचारलं नव्हतं.

आजार असा आहे. आतडं पुढे ढकलायचं काम त्याच्या भिंतीतल्या चेतापेशी करतात. बाळ पोटात असताना या पेशी मानेच्या बाजूनं निघतात आणि आतड्यातून खाली सरकत गुदद्वारापर्यंत जातात. पहिल्या तीन महिन्यांतच हे होतं. जायकवाडीच्या कालव्याला टेलपर्यंत पाणी पोचत नाही ना, तसं काही बाळांत या पेशी शेवटपर्यंत पोचत नाहीत. जिथं थांबल्या त्याच्या खालचं आतडं आवळलेलंच राहतं. साधारण 5000 बाळांमागे एकाला होतो, मुलग्यांना जास्त.

डेन्मार्कच्या हर्षस्प्रंग नावाच्या बालरोगतज्ज्ञांनी 1886 मध्ये अशा दोन बाळांची माहिती मांडली. त्यांचं वरचं आतडं फुगलेलं होतं, म्हणून दोष त्यातच आहे असं डॉक्टर कित्येक वर्षं समजत राहिले. खराब भाग खालचा, अरुंद दिसणारा आहे, हे पक्कं करून स्वेन्सन या सर्जननी 1948 मध्ये तो काढून वरचं चांगलं आतडं खाली जोडायचं ऑपरेशन मांडलं. आजची ऑपरेशनं त्याच वाटेची आहेत. मला हे कळलं तेव्हा फार धीर आला.

1994 मध्ये या आजारामागचे रेट नावाच्या जनुकातले दोष सापडले. 2005 मध्ये जनुकशास्त्रज्ञ अरविंद चक्रवर्ती यांच्या गटानं दाखवलं की त्याच जनुकातला, अनेक निरोगी माणसांतही असणारा एक छोटा बदल धोका वाढवतो. म्हणजे आईबाप धडधाकट असूनही बाळाला होऊ शकतो. पुढच्या बाळाचा विचार करताना जनुकतज्ज्ञांना जरूर विचारा. 2016 मध्ये न्यूयॉर्कच्या शास्त्रज्ञांनी मानवी मूळपेशींपासून आतड्याच्या चेतापेशी तयार करून आजारी उंदरांत सोडल्या, ते उंदीर जगले. 2020 मध्ये माँट्रियलला एका प्रथिनाचा एनिमा देऊन उंदरांच्या आतड्यात नव्या चेतापेशी उगवल्या. हे अजून उंदरांपुरतंच आहे, त्यासाठी बाळाचं ऑपरेशन लांबवू नका.

आता बायोप्सी, म्हणजे आतड्याचा बारीक तुकडा काढून तपासणी, करून घ्या. चेतापेशी आहेत की नाहीत ते तिच्यातच नक्की कळतं. पोट, म्हणजे आतलं आतडं, धुवायला सांगितलं तर सलाईननंच, शिकवलंय तसंच धुवा. साधं पाणी अजिबात नको. आणि ताप, फुगलेलं पोट, घाण वासाची पातळ शी, बाळ मलूल, असं दिसलं तर रात्र असली तरी निघा. ऑपरेशननंतरही हे होऊ शकतं. आमचं एकदा झालं, तेव्हा पहाटेच गाडी काढली होती. खर्चाचं म्हणाल तर आमचं ऑपरेशन महात्मा फुले योजनेतून झालं. रेशनकार्ड आणि बाळाचा जन्मदाखला सोबत ठेवा.

लेक आता सहा वर्षांचा आहे. सकाळी स्वतः जातो आणि आतूनच ओरडून सांगतो, ‘आई, झाली.’