जागा सगळ्यांना खुल्या असतात, पण जातं कोण?

विद्यार्थ्यांना काही काळ परदेशी विद्यापीठात शिकायला पाठवणाऱ्या आपल्या विनिमय विभागात नवीन आला आहेस, म्हणून एक गोष्ट आधीच सांगतो. कोणाची निवड झाली ही यादी सगळेच बघतात. तू अर्ज कोणी केलाच नाही, ते शोध. पात्र असूनही मागे राहणारी मुलं बहुतेकदा घरातली पहिली पदवीधर होणारी, नोकरी करून शिकणारी, अपंगत्व असलेली किंवा कोणाची तरी काळजी वाहणारी असतात. 'हे आपल्यासाठी नाही' असं त्यांनी स्वतःच ठरवून टाकलेलं असतं, आणि मला याचंच सगळ्यात वाईट वाटतं.

पैशाचं गणित नीट समजून घे. यजमान विद्यापीठाची फी माफ असली तरी व्हिसा, तिकीट, विमा, खोलीची अनामत हे सगळं निघण्याआधीच भरावं लागतं. शिष्यवृत्ती नंतर हातात पडणार असेल, तर गरीब मुलगी तिथेच थांबते. म्हणून आगाऊ हप्त्यासाठी भांड.

युरोपातला इरास्मस हा विद्यार्थी-विनिमयाचा कार्यक्रम १९८७ पासून चालू आहे. त्याच्या २०२१–२७ च्या टप्प्यात कमी संधी मिळालेल्या विद्यार्थ्यांना दीर्घ मुक्कामासाठी दरमहा २५० युरो जादा मिळतात. अपंग विद्यार्थ्यांच्या प्रत्यक्ष खर्चासाठी वेगळा निधी असतो. ज्यांना घर सोडता येत नाही, त्यांच्यासाठी ५ ते ३० दिवसांचा प्रवास आणि बाकी ऑनलाइन, असा पर्यायही आहे. अमेरिकेत २००१ पासून चालणारी परदेशी शिक्षणासाठीची गिलमन शिष्यवृत्ती पेल अनुदान, म्हणजे गरजू विद्यार्थ्यांना मिळणारी सरकारी मदत, घेणाऱ्यांसाठीच राखलेली आहे.

आणि हो, तिथे मिळवलेले क्रेडिट, म्हणजे पूर्ण केलेल्या विषयांचे श्रेयांक, विद्यार्थी परत आल्यावर इथल्या पदवीत धरले जातील, हे त्याच्या जाण्याआधी लेखी घे. वर्ष वाया जाणं प्रत्येकाला परवडत नाही.