पहिला अंक छापण्याआधी

प्रश्न: कॉलेजात एकत्र शिकणाऱ्या चौघांना अचानक अचाट शक्ती मिळतात, अशी कॉमिक-मालिका मी लिहिली आहे. चित्रं माझी मैत्रीण काढते. १२ अंकांची कथा तयार आहे, पहिल्या अंकाची पानंही रंगवून झाली. प्रकाशकाकडे न जाता अंक आम्हीच काढणार आहोत. छापायला देण्याआधी काय तपासावं?
– एक वाचक

उत्तर: आधी साधे कागद दुमडून, मधोमध पिना मारून २४ पानांची डमी बांधा. पानं चारच्या पटीतच लागतात, कारण एक कागद दुमडला की चार पानं होतात. प्रत्येक पानाची छोटी प्रिंट त्यात चिकटवा आणि पानं उलटत वाचा. पहिलं पान उजवीकडे येतं, मग दोन-तीन समोरासमोर, चार-पाच समोरासमोर. तुमची नायिका पहिल्यांदा हवेत उचलली जाते तो प्रसंग सातव्या पानावर असेल, तर वाचकाला तो सहावं पान वाचतानाच दिसून जातो. तो आठव्यावर न्या. सातव्याच्या शेवटच्या चौकटीत जमिनीवर पडलेली तिची चप्पल तेवढी दिसू द्या.

अक्षरलेखन हे माझं रोजचं काम, त्यामुळे त्यावर जरा जास्त बोलते. इंग्रजी कॉमिक बघून संवादाच्या फुग्यांची मापं ठरवू नका. तिथली अक्षरं सहसा एका उंचीची असतात. आपल्याकडे वर वेलांट्या नि मात्रा, खाली उकार. ‘तू कुठून उडून आलास?’ ही ओळ आणि तिच्याखाली ‘कोणी पाहिलं तर नाही ना?’ लिहून पाहा. ओळींत अंतर कमी पडलं, की वरचे उकार खालच्या वेलांट्यांना भिडतात. म्हणून फुगा ऐसपैस ठेवा, संवाद छाटा, आणि फुग्यांची जागा पेन्सिलच्या कच्च्या चित्रातच राखा. नंतर बसवलेला फुगा हमखास कुणाच्या तरी चेहऱ्यावर येतो. ‘एक टाइप’ या फाँट बनवणाऱ्या संस्थेचे मुक्ता, बलू हे युनिकोड फाँट मुक्त परवान्यावर मिळतात, छापील अंकात बिनधास्त वापरा. अक्षरांचा काळा रंग फक्त काळ्या शाईचा असू द्या. चारही शाया मिसळल्या आणि छपाईत किंचित सरकल्या, तर बारीक मात्रांच्या कडा धूसर होतात. चित्रं ३०० डीपीआय (दर इंचाला ३०० ठिपके), सीएमवायके (याच चार शायांच्या रंगांत), कडेला ३ मिलिमीटर जास्तीचं चित्र, एवढं छापखाना सांगेलच.

आता कथा. १२ अंक डोक्यात असले, की पहिला अंक नुसती ओळखपरेड होतो: चार मित्र, चार शक्ती, चार भूतकाळ. मला ते फार खटकतं. दोघांनाच पुढे आणा, त्यांच्यातलं एक भांडण उभं करा आणि ते याच अंकात तडीस न्या. शक्तीमुळे मैत्रीत काय बिघडतं, हे कळलं तरच वाचक पुढच्या अंकाची वाट पाहील.

तुम्ही आणि चित्रकार मैत्रीण, पात्रांवर कुणाचा किती हक्क, हे आत्ताच कागदावर घ्या. १९३८ साली जेरी सीगल आणि जो शुस्टर या निर्मात्यांनी सुपरमॅनचे हक्क १३० डॉलरला देऊन टाकले. पुढे दोघं वर्षानुवर्षं कोर्टात झगडत राहिले. मैत्री घट्ट असतानाच असे कागद सहज होतात.

आणि दुसरा अंक पूर्ण रंगवून हातात आल्याशिवाय पहिला बाहेर काढू नका. पहिला आवडलेला वाचक लगेच पुढचा मागतो.