ऑपरेशन रोबोट करणार, मग डॉक्टर कुठे असणार?

गर्भाशयाच्या ऑपरेशनसाठी डॉक्टरांनी रोबोटचा पर्याय सुचवला की माझ्याकडे येणाऱ्या बहुतेक जणींचा पहिला प्रश्न एकच असतो : मशीन मध्येच बिघडलं तर? ४६ वर्षांच्या एक ताई (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत) तोच घेऊन आल्या. फायब्रॉइडच्या, म्हणजे गर्भाशयातल्या कर्करोगाच्या नसलेल्या गाठी, पाळीत अतोनात रक्तस्राव, उतरलेलं हिमोग्लोबिन, आधीची दोन सिझेरियन. औषधं करून झाली होती. गर्भाशय काढायचा निर्णय त्यांनी स्वतः, नीट विचार करून घेतला होता. झोप उडाली होती ती रोबोटचं नाव ऐकल्यापासून.

“ताई, रोबोट म्हटल्यावर डोळ्यांसमोर काय येतं?” मी विचारलं.

“मी बेशुद्ध पडलेय आणि ते लोखंडी हात आपले आपण चाललेत. डॉक्टर कुठेतरी लांब.”

हे चित्र खूप जणींच्या मनात असतं, आणि ते मनातून काढायला वेळ द्यावाच लागतो. हे यंत्र स्वतःहून एक टाकाही घालत नाही. सर्जन त्याच ऑपरेशन थिएटरमध्ये, टेबलापासून काही फुटांवर कन्सोलवर, म्हणजे यंत्र चालवायच्या जागी, बसलेले असतात. पोटातलं दृश्य त्यांना मोठं आणि त्रिमितीय दिसतं. पोटावर साधारण ८ मिलिमीटरची छिद्रं असतात, त्यांतून आत गेलेली उपकरणं सर्जनच्या बोटांप्रमाणेच हलतात, मनगटासारखी वळतात. हाताचा बारीक कंप यंत्र गाळून टाकतं. सर्वाधिक वापरात असलेल्या दा विंची यंत्रात तर सर्जनने पडद्यापासून डोकं बाजूला केलं की उपकरणं जागीच थांबतात. वीज गेली तर बॅटरी असते. यंत्रच अडलं तर उपकरणं बाहेर काढून उरलेलं ऑपरेशन साध्या दुर्बिणीने किंवा पोट उघडून पूर्ण करतात. अमेरिकेत स्त्रीरोगांच्या शस्त्रक्रियांसाठी या यंत्राला २००५ मध्येच मान्यता मिळाली.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि हळूच विचारलं, “पण माझ्या अगदी जवळ कोण असेल?”

खरी भीती ही होती. आपल्या अंगाला माणसाचा हात नसेल, याची. मग आम्ही यंत्र बाजूला ठेवलं आणि माणसांबद्दल बोललो. टेबलाशी सहायक डॉक्टर आणि नर्स उभ्या असतात. उशाशी भूलतज्ज्ञ असतात, श्वास आणि रक्तदाबावर त्यांची नजर हटत नाही. पोटात कार्बन डायऑक्साइड भरून, डोक्याकडची बाजू बरीच खाली करून झोपवतात, त्यामुळे भूलतज्ज्ञांचं काम इथे फार मोलाचं असतं. “त्यांना आधी भेटता येईल का?” ताईंनी विचारलं. येतं, आणि भेटावंच.

मला मात्र दुसरी काळजी वाटते. यंत्राच्या भीतीत सगळं बोलणं संपतं आणि महत्त्वाचा प्रश्न राहून जातो : माझ्यासाठी रोबोटच का? आजार कर्करोगाचा नसेल आणि शक्य असेल, तर योनीमार्गे गर्भाशय काढणं हा पहिला पर्याय मानतात. साधी दुर्बीण आणि रोबोट यांत अशा रुग्णांमधलं गुंतागुंतीचं प्रमाण साधारण सारखंच आढळलं आहे, खर्च मात्र रोबोटचा जास्त. आतडी किंवा मूत्राशय चिकटलेलं असेल, एंडोमेट्रिओसिस (गर्भाशयाच्या अस्तरासारखा थर गर्भाशयाबाहेर वाढण्याचा आजार) खोलवर गेलेला असेल, आत बारीक टाके बरेच घालायचे असतील, तिथे रोबोटची मदत होऊ शकते. आणि लहान छेद नेहमीच चांगला, असंही नाही. गर्भाशयमुखाच्या सुरुवातीच्या टप्प्यातल्या कर्करोगात दुर्बीण किंवा रोबोटने ऑपरेशन झालेल्या स्त्रियांमध्ये पोट उघडून ऑपरेशन झालेल्यांपेक्षा आजार जास्त उलटला आणि मृत्यूही जास्त झाले, हे २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत दिसलं.

म्हणून ताईंनी सर्जनकडे प्रश्न लिहून नेले. माझ्या बाबतीत दुसरा मार्ग का नको? तुम्ही स्वतः अशी किती ऑपरेशनं केली आहेत? पोट उघडायची वेळ केव्हा येईल? अंडाशय ठेवणार का? (हे विचारायलाच हवं. पाळी चालू असताना दोन्ही अंडाशय काढले तर रजोनिवृत्ती लगेच येते.) सर्जननी शांतपणे उत्तरं दिली : सिझेरियनमुळे मूत्राशय गर्भाशयाला चिकटलेलं असण्याची शक्यता, गर्भाशयाचा वाढलेला आकार, आणि गरज पडली तर पोट उघडण्याची तयारी. अंडाशय निरोगी दिसले तर ठेवायचे ठरले. मग ताईंनी संमतिपत्रावर सही केली.

ऑपरेशन रोबोटनेच पार पडलं. दुसऱ्या दिवशी खांदा दुखू लागला, पण त्या घाबरल्या नाहीत. पोटातल्या वायूमुळे असं होतं हे त्यांना आधीच सांगितलेलं होतं. पुढे फोनवर म्हणाल्या, “मॅडम, पोटावर नुसते ठिपके आहेत. दुखतही नाही. घरातली कामं सुरू करू का?”

इथे मी ठाम असते. हलकी कामं आणि चालणं चालेल. पण योनीच्या वरच्या टोकाला आत टाके असतात, आणि ते भरायला बाहेरच्या ठिपक्यांपेक्षा बराच जास्त वेळ लागतो. वजन उचलणं आणि शरीरसंबंध साधारण ६ ते ८ आठवडे, डॉक्टरांनी तपासून हो म्हणेपर्यंत, बंद. ताप, वाढता रक्तस्राव, दुर्गंधीयुक्त स्राव किंवा लघवीला अडचण आली तर त्याच दिवशी रुग्णालय गाठायचं. ताईंनी फोन स्पीकरवर टाकला आणि हे सगळं घरच्यांना ऐकवायला लावलं.