‘यीस्ट दिसले’ एवढ्यावर थांबू नकोस

प्रिय मुली,

तालुक्याच्या लॅबमध्ये रुजू झालीस, फार बरं वाटलं. व्हजायनल स्वॅब, म्हणजे योनीस्रावाचे नमुने, सगळे सारखेच, त्यात काय बघायचं, असं विचारलंस. बघायचं पुष्कळ आहे.

डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांचा गडचिरोलीतल्या दोन गावांचा अभ्यास 1989 साली ‘लॅन्सेट’मध्ये आला. 650 बायकांपैकी 92 टक्क्यांना काही ना काही स्त्रीरोग होता. आधी तपासणी झालेल्या होत्या जेमतेम 8 टक्के. आजही ‘पांढरं जाते जी’ हे बाईच्या तोंडून निघेपर्यंत तिनं महिनोन्‌महिने अंगावर काढलेलं असतं. त्यात कापूस वेचणीचे दिवस असले, तर दवाखान्यात यायचं म्हणजे दिवसाची मजुरी बुडते.

आरोग्य केंद्रात तिला बहुधा हिरवं किट, म्हणजे पांढरं जाण्यावरच्या गोळ्यांचं ठरलेलं पाकीट, मिळालेलं असतं. त्यातली फ्लुकोनॅझोल 150 ची एक गोळी कॅन्डिडा या यीस्टच्या अल्बिकन्स जातीला सहसा पुरते. खाज परत आली की पुन्हा तीच गोळी, नाहीतर मेडिकलमधली स्टेरॉइड मिसळलेली ट्यूब. पण कॅन्डिडाच्याच ग्लाब्राटा जातीवर ही गोळी अनेकदा अपुरी पडते, आणि क्रुसेई ही जात तर तिला मुळातच दाद देत नाही. तू नुसतं ‘यीस्ट सेल्स दिसल्या’ लिहिलंस, तर डॉक्टर तरी दुसरं काय लिहिणार?

केओएच (पोटॅशियम हायड्रॉक्साइड) टाकून बघायच्या स्लाइडवर ग्लाब्राटा हमखास चकवतो. त्याला तंतू येत नाहीत, बारीक पेशी तेवढ्या दिसतात. म्हणून खाज पुन्हापुन्हा होणाऱ्या बाईचा स्वॅब सॅबुरोवर, म्हणजे बुरशी वाढवायच्या माध्यमावर, लावच. जर्म ट्यूब, म्हणजे अल्बिकन्सच्या पेशीला फुटणारा कोंब, सीरममध्ये, 37 अंशांवर, दोन-तीन तासांत वाच. त्यापुढे वाचलीस तर ट्रॉपिकॅलिस ही दुसरी जात फसवू शकते. क्रोमअगार, म्हणजे जातीप्रमाणे रंग दाखवणारं माध्यम, मिळवण्यासाठी भांडावं लागलं तरी भांड. त्यावर अल्बिकन्स हिरवा, ट्रॉपिकॅलिस निळा, क्रुसेई गुलाबी आणि खरखरीत. दोन जाती एकत्र असल्या तरी कळतं.

कोणतं औषध लागू पडतं ते बघायच्या डिस्क चाचणीसाठी मुलर-हिंटन माध्यमात 2 टक्के ग्लुकोज आणि मिथिलीन ब्लू घाल. क्रुसेईला फ्लुकोनॅझोलची डिस्क लावूच नकोस, रेझिस्टंट लिहून मोकळी हो. आणखी एक, जे मला फार महत्त्वाचं वाटतं: आपण ही चाचणी सातच्या आसपासच्या पीएचला करतो, योनीत तो साधारण 4 ते 4.5 असतो, आणि आम्लात ही औषधं, विशेषतः ग्लाब्राटावर, कमी चालतात. म्हणून ‘सेन्सिटिव्ह’ लिहूनही बाईला उतार पडला नाही, तर डॉक्टरांना स्वतः फोन कर.

उलट, काहीच तक्रार नसलेल्या 10 ते 20 टक्के बायकांतही कॅन्डिडा सापडतो. नुसत्या वाढीवर उपचार नकोत.

फॉर्मवर तीन गोष्टी मागव: गरोदर आहे का, साखर किती, आधी काय घेतलं. गरोदर बाईला तोंडाने फ्लुकोनॅझोल टाळतात, म्हणून हे आधी कळायला हवं. कल्चरला दोन-तीन दिवस लागतात, तेवढ्यासाठी ती परत येईलच असं नाही. आशाताईंचा नंबर घेऊन ठेव, आणि रिपोर्ट त्या बाईलाच, एकटीला गाठून सांगायला सांग. सासूच्या हाती चिठ्ठी नको.

तुझी,
मॅडम