एआयला एक प्रश्न विचारला की खरंच बाटलीभर पाणी खर्च होतं का?
नाही, एका प्रश्नाला बाटलीभर पाणी जात नाही, तो आकडा अर्धवट वाचून फॉरवर्ड झालाय. मूळ अंदाज २०२३ मधला, कॅलिफोर्निया युनिव्हर्सिटीच्या रिव्हरसाइडमधल्या संशोधकांचा, त्यात जीपीटी-३ या एआय मॉडेलच्या साधारण १० ते ५० उत्तरांना मिळून अर्धा लिटर असं होतं, आणि २०२५ मध्ये गुगलने जेमिनी या त्यांच्या एआयच्या एका टेक्स्ट प्रश्नाला ०.२६ मिलिलिटर म्हणजे जेमतेम पाच थेंब सांगितले. हे पाणी जातं कुठे तर एआय चालवणारे मोठे कॉम्प्युटर म्हणजे सर्व्हर प्रचंड तापतात, ते जिथे ठेवलेले असतात त्या बऱ्याच डेटा सेंटरमध्ये त्यांना थंड ठेवायला कूलिंग टॉवर असतात आणि तिथे पाण्याची वाफ होऊन ते हवेत जातं, म्हणजे गटारात गेलेलं पाणी शुद्ध करून परत वापरता येतं तसं याचं करता येत नाही. पण पाच थेंब ऐकून निर्धास्त होऊ नका, त्या हिशेबात वीज बनवताना लागणारं पाणी आणि मॉडेल ट्रेन करताना, म्हणजे एआयला आधी शिकवताना, लागणारं पाणी धरलेलं नाहीये, आणि डेटा सेंटर जर आधीच पाणीटंचाई असलेल्या भागात असेल तर तिथल्या लोकांना ते थेंब भारी पडतात, कारण दिवसाला कोट्यवधी प्रश्न विचारले जातात.