बेळगावकडच्या ख्रिस्ती कुटुंबावर कथा लिहितेय. लग्नाआधी दिवस गेलेल्या मुलीला घराबाहेर काढणारा बाप शेवटी तिला जवळ करतो, हे खरं कसं वाटेल?

बापाला घाईनं विरघळवू नका. बायबलमधल्या लूक 15 मध्ये येशूनं उधळ्या मुलाचा दाखला सांगितलाय. त्यातला बाप परतणारा मुलगा दूर असतानाच धावत सुटतो, पण त्यानं मुलाला हाकललेलं नव्हतं. तुमच्या बापानं हाकललंय. त्यामुळे आधी त्यानंच मुलीची माफी मागायला हवी. ती रडत पाया पडते आणि तो उदार होतो, असं लिहिलंत तर तिच्यावर दुसऱ्यांदा अन्याय होईल.

त्याचा राग मुळात लोकलाजेचा असणार. खानापूरच्या एखाद्या गावात ख्रिस्ती घरं मोजकीच, आणि रविवारी चर्चमध्ये सगळे समोरासमोर. तिथे बायबलमधलं मत्तय 5:23-24 कामाला येईल: वेदीपाशी अर्पण ठेव, आधी जाऊन भावाशी समेट कर. हे वचन वर्षानुवर्षं ऐकलेला माणूस प्रभुभोजनाला, म्हणजे चर्चमधल्या भाकर-द्राक्षारसाच्या विधीला, उठताना अडखळला, तर वाचकाला वेगळं काही सांगावं लागणार नाही. आई चोरून फोन करत असेलच, तिलाही धाक आणि अपराधीपणा द्या.

थोरला भाऊ असला तर त्याला शेवटी हसतमुख करू नका. दाखल्यातला थोरला भाऊ रागावून घराबाहेर थांबतो; तो आत गेला की नाही, हे येशूनं सांगितलेलंच नाही.

आणि बाळाचा बाप कुठंय? त्याला गायब करू नका. सगळा हिशेब एकट्या पोरीकडे मागायची सवय आपल्याकडे जुनी आहे. बेळगावातच जन्मलेल्या बाबा पदमनजी या मराठी ख्रिस्ती लेखकानं ख्रिस्ती दृष्टीनं बायकांचं दुःख 1857 मध्येच ‘यमुनापर्यटन’ या कादंबरीत मांडलं होतं. ते जरूर वाचा.